माझा धुण्याचा दगड आणि त्यांचा समुद्र

...आणि वर म्हणतात कसे, "मावशी, तुमच्या अंगणात समुद्र होता!" समुद्र होता म्हणे! इथे नळाला थेंब नाही, पिंपाच्या तळाशी तांब्या खरवडते मी, आणि यांना समुद्र दिसतोय!

तुम्हाला सांगते, सगळं झालं माझ्या धुण्याच्या दगडावरून. लोकांचे कपडे धुऊन घर चालवते मी, त्यात लपवायचंय काय? सासूने टेकडीवरून आणवला होता तो दगड. बाई जन्मात माझ्याशी धड बोलली नाही, पण दगड मात्र नामी ठेवून गेली. वरून नुसत्या बारीक बारीक वळ्या, गॅरेजवाल्याचे काळेकुट्ट डगले जरा घासले की वंगण मुकाट्याने सुटायचं!

आता आमचे जावई. दगड तपासणाऱ्या साहेबलोकांची गाडी चालवतात, तर घेऊन आले त्यांना चहाला! एक टोपीवाला, एक चष्मेवाली. मी कप घेऊन बाहेर येते तर काय, दोघं गुडघे टेकून माझ्या दगडापुढे! टोपीवाला बोट फिरवतोय, "लाटांच्या खुणा! वाळूवर उमटल्या, वर गाळ बसला, थरावर थर चढले, दाबून दगड झाला. समुद्र!" चष्मेवाली फणकारली, "समुद्र कसला? वळीची एक बाजू उभी, एक उतरती. पाणी एकाच दिशेने वाहत होतं. नदी!" "समुद्र!" "नदी!" अहो, चहा गार झाला, माझ्या चादरी बादलीत कुजायला लागल्या... मी म्हटलं, "काय असेल ते असो, उठा, मला धुणं आहे." तर जावई कानाशी, "आई, जरा हळू... साहेब आहेत, माझी नोकरी..." झालं! लेकीचा संसार आला मध्ये. बादली उचलून बाजूला ठेवली.

"आतले थर बघावे लागतील, मावशी. परत आणून देऊ." गेला माझा दगड गाडीतून, मऊ गादीवर! मला कधी बसवलं नाही हो कुणी त्या गादीवर!

मग मी धुतेय फरशीवर. कपडा घसरतो, मळ तिथेच. गॅरेजवाल्याने धुतलेल्या डगल्याची कॉलर धरून विचारलं, "बाई, हे धुतलंय, की नुसतं पाणी दाखवून आणलंय?" आणि गाठोडं उचलून गेला दुसरीकडे. त्याच्यामागे खानावळवाली. माझी गिऱ्हाइकं वाहून गेली, आणि समुद्र होता म्हणे!

काल आले परत. हसत! दोघांचं जमलं एकदाचं. "मावशी, नदी समुद्राला मिळते ना, ती जागा ही! आम्ही दोघंही बरोबर!" मी म्हटलं, "आनंद आहे. माझा दगड?" टोपीवाल्याने कागदातून काढला... ताटलीएवढा तुकडा! कापलेला, आरशासारखा चकचकीत! "थर छान दिसावेत म्हणून घासून गुळगुळीत केलाय. खास तुमच्यासाठी!" अहो, ज्याच्यावर मी जन्मभर घासलं, त्यालाच घासून आणला? "आणि बाकीचा?" "तो तपासणीत संपला." जावई आपले स्वतःच्या बुटांकडे बघतायत.

असा हात शिवशिवला! पण लेकीचा चेहरा आला डोळ्यांपुढे. घेतला. वर "बरं झालं हो" असंही म्हटलं, या तोंडाने!

आता पिंपाचं झाकण वाऱ्याने उडतं ना, त्यावर ठेवलाय तो तुकडा. बघा हवं तर. समुद्र होता म्हणे... वर समुद्राचा तळ, खाली पिंपाचा तळ. दोन्ही कोरडे!