पिकअप काहून तापते

(मूर्तिजापूरच्या अलीकडे, हायवेवरचं गॅरेज. मे महिन्यातली दुपार. जुन्या पिकअपचं बॉनेट उघडं, आतून वाफ.)

गोपाल : झाकण उघडू नका म्हटलं ना, काकाजी. हात भाजन.

शेषराव : भाजू दे. तिच्यात पाणीच नसन तर?

गोपाल : बाजूची बाटली भरून हाय. गाडीपेक्षा तुमीच जास्त तापले. थ्या बाकड्यावर बसा.

दीपमाला : बसणार नाहीत ते. गेल्या महिन्यात बोरगावजवळ इंजिन गार व्हायची वाट पाहत दोन तास उन्हात उभे होते. इंजिन गार झालं, अन् बाबा चक्कर येऊन पडले. म्हणून म्हटलं, आज अकोल्याला नेऊन विकूनच टाकू. घेणारा तिकडे थांबून राहिला.

शेषराव : गाडीले चक्कर आली नाही, हे कोनी नाही सांगत.

गोपाल : काय काय बदललं आतापर्यंत?

दीपमाला : थर्मोस्टॅट दोनदा. वॉटर पंप. पंख्याचा पट्टा. रेडिएटर तर अख्खा नवा. अमरावतीचे तीन मेकॅनिक झाले, अचलपूरचा एक. अन् सेमाडोहचा एक म्हातारा. तो मेकॅनिक नव्हता, पण बाबांनी त्याला दाखवली.

शेषराव : तो म्हशीची नाडी पाहते. बॉनेटवर हात ठेवला अन् सांगतलं, इले घरचंच कोनतरी त्रास देऊन राहिलं.

दीपमाला : तेव्हापासून माझ्याकडं पाहून राहिले.

गोपाल : अन् मेकॅनिक काय म्हणाले?

दीपमाला : चौघांचं एकच. गाडीत काही नाही. गॅरेजात तास तास चालू ठेवली, हायवेवर नेऊन पाहिली, काटा हलला नाही. आमच्या हाती आली की लाल.

शेषराव : परक्यासमोर चांगली वागते. वळण हाय तिले.

गोपाल : मंग इंजिनच गेलं असन.

शेषराव : भाऊ, जरा इकडं ये. लहानसं काही सांग ना. पट्टा सांग. इंजिन म्हणशीन तर ही आजच्या आज गाडी देऊन टाकते. मी मंग दिवसभर घरी बसून काय करू?

दीपमाला : मला ऐकू येऊन राहिलं, बाबा.

गोपाल : थांबा. वास कायचा येऊन राहिला?

दीपमाला : जळल्याचा?

गोपाल : नाही ना. तापल्या इंजिनाले ऑइलचा वास येते, रबराचा येते. इथी पाव्हण्याच्या खोलीसारखा वास येऊन राहिला. काकाजी, तुमचा धंदा कोनता?

शेषराव : कूलरचा. चाळीस वर्षं झाले. बनवतो, याच गाडीत टाकतो, नेऊन बसवतो.

गोपाल : हं. ताई, इकडं या. समोरच्या जाळीच्या मांगं पाहा.

दीपमाला : हे काय आहे? वाळ्याची ताटी? रेडिएटरसमोर?

गोपाल : एक नाही. एकावर एक तीन. वरून कूलरची मोटर. नळी इकडून आत गेली, बटन स्टिअरिंगखाली निघते.

शेषराव : दोन स्पीडचं हाय.

गोपाल : काकाजी, इंजिनाले समोरून हवा लागते. तुमी थे तोंडच बंद केलं. ओल्या वाळ्यात रस्त्याचा धुरळा बसला, त्याचा झाला चिखल. हे काय हाय माहीत हाय का? भिंत हाय.

दीपमाला : पण तीन कशाला?

शेषराव : पहिले एकच होती. तिनं गाडी तापे. म्हणून दुसरी लावली. तं अजूनच तापे.

गोपाल : म्हणून तिसरी.

शेषराव : म्हणून तिसरी.

दीपमाला : अन् पहिली लावली, त्याच्या आधी किती तापायची?

शेषराव : आधी नव्हती तापत.

दीपमाला : मग लावली काहून?

शेषराव : मे महिना होता. मले वाटलं, तापन.

गोपाल : चार मेकॅनिकच्या डोळ्याले दिसलं नाही हे?

शेषराव : कसं दिसन? गॅरेजात न्याच्या आधी मी काढून ठेवो. माह्या डोक्याची चीज हाय, कोनी चोरली म्हणजे? आज ही बाजूले बसली होती, काढाले टाइमच नाही भेटला.

दीपमाला : दोन वर्षं, बाबा! अख्खा रेडिएटर नवा घेतला!

शेषराव : ताट्या बी दरवर्षी नव्याच टाकल्या.

गोपाल : थ्या सेमाडोहच्या म्हाताऱ्याचा नंबर द्या मले. एवढा पक्का मेकॅनिक या पट्ट्यात नाही.

शेषराव : दीपा, विकून टाक तिले.

दीपमाला : आता? आता तर चांगली निघाली.

शेषराव : म्हणूनच म्हणतो. दोन वर्षं मी तिचा दम कोंडला. दुसरी असती तं कधीची फुटली असती. माह्याजवळ कशाले राहावं तिनं?

दीपमाला : मी राहिलीच ना बत्तीस वर्षं. आई सांगायची, माझ्या पाळण्याला पंखा बांधला होता.

शेषराव : लहानसाच होता.

दीपमाला : डिसेंबर होता, बाबा.

गोपाल : ताई, इंजिन गार झालं. गॅस्केट शाबूत हाय, कसं काय राहिलं देव जाणे. हे गवत मी ठेवून घेतो. घरी कूलर हाय माह्या.

दीपमाला : थांबा, एक फोन करते. हॅलो, सुगतभाऊ? गाडी देत नाही आता. नाही, गाडीत काहीच बिघाड नाही. बाबा? बाबांचं तपासणं चालू आहे अजून. हो, जय भीम. चला बाबा, फिरवा गाडी. अमरावतीला परत.

*

शेषराव : काटा?

दीपमाला : मधात.

शेषराव : बडनेरा आलं ना?

दीपमाला : आलं. मधातच आहे.

शेषराव : काही न लावता?

दीपमाला : काही न लावता.

शेषराव : मंग आता मी काय करू?

दीपमाला : चालवा, बाबा.