चूळ भरायचा ग्लास

मी, गुलशन अलीम मणियार, वय ४३ वर्षे, धंदा डबे पुरवणे, राहणार रेल्वे स्टेशनजवळ, दौंड, जिल्हा पुणे, आज शिरूर पोलीस ठाण्यात स्वतः हजर होऊन विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी माझी मुलगी सबा, वय १९, हिच्यासह राहते. पती हयात नाहीत. रेल्वेच्या कामगारांना मी दोन्ही वेळचे डबे देते. मला एचआयव्ही आहे. सरकारी दवाखान्याच्या गोळ्या रोज चालू असून तब्येत ठणठणीत आहे. आजार कसा झाला, असे जबाब घेणाऱ्या हवालदार रुपाली मॅडम यांनी विचारले. त्याचा या तक्रारीशी काडीचाही संबंध नाही, असे मी सांगितले व तेही लिहून घ्या म्हटले. सबाला हा आजार माहीत नव्हता. तिचे शिक्षण संपले की मीच तिला जवळ बसवून सांगणार होते.

दौंडला दातांचे दवाखाने असताना शिरूरला का आलात, असे विचारल्यावरून सांगते की, येथील डॉ. इंद्रजीत यांना मी ओळखते. ते शिकत असताना त्यांच्या कॉलेजचे दात तपासणीचे शिबिर आमच्या भागात झाले होते. त्या पोरांचे जेवण माझ्याकडे होते. डॉ. इंद्रजीत तेव्हा माइकवर बोलले की, एचआयव्हीवाल्याला हात लावल्याने, त्याच्या ताटात जेवल्याने काही होत नाही, तुम्ही फक्त डॉक्टरपासून लपवू नका. मी मागे चपात्या भाजत ऐकत होते. पोरगं मनात बसलं. दुपारी त्यांनी माझ्या हातचा रस्सा दोनदा मागून घेतला. गुणाचं लेकरू म्हणून मी तळातले मटण त्यांनाच वाढले.

माझी दाढ बरेच दिवस ठणकत होती. आज सकाळी मी व सबा न्हावरामार्गे एसटीने आलो. सबाला बाहेर बाकावर बसवून मी आत गेले. डॉक्टरांनी लगेच ओळखले. "मावशी, तुमच्या रश्श्याची चव अजून तोंडात हाय," म्हणाले. मला बरे वाटले. त्यांनी भुलीचे इंजेक्शन दिले आणि नंतर बोलता बोलता बीपी-शुगरच्या गोळ्या चालू हायेत का, असे विचारले. मी हळू आवाजात ज्या चालू आहेत त्या सांगितल्या. लपवू नका म्हणून त्यांनीच सांगितले होते ना.

डॉक्टर ताडकन उठले. हातमोजे काढून फेकले. मला वाटले, दाढ काढायची तयारी चालली आहे. मग त्यांनी विचारले, "मावशी, शिबिराच्या टायमालापण व्हता का तुम्हाला हा रोग?" मी मान हलवली. त्यावर ते ओरडले, "एचआयव्ही असून आम्हाला जेवू घातलं तुम्ही?" दार उघडे होते. बाहेर बाक पेशंटनी भरलेले होते. सबा दारात येऊन उभी होती.

माझे तोंड किती तिखट आहे हे अख्ख्या दौंडला ठाऊक आहे. कुणाचे ऐकून घेणारी बाई मी न्हाई. पण अर्धा जबडा बधिर होता, जीभ वळेना, ओठातून लाळ गळत होती. अरे बाबा, तूच ना रे तो माइकवरचा, एवढेच डोक्यात फिरत राहिले. अजूनही फिरते आहे.

दाढ काढली नाही. दवाखान्यातील मदतनीस सुलक्षणा यांनी मी चूळ भरलेला स्टीलचा ग्लास कॅरीबॅगेत घातला आणि लांबूनच धरून म्हणाल्या, "हा न्या तुमच्यासंगं. सर नको म्हणत्यात." पिशवी सबाने घेतली. बाहेर आल्यावर तिने रिक्षावाल्याला एसटी स्टँड न सांगता पोलीस स्टेशन सांगितले. रिक्षात ती माझ्याकडे बघत नव्हती. दाढेचे काय, दुखेल नाहीतर पडेल. पोरगी तुटली तर मी काय करू, हीच भीती होती.

तरी माझा आजार माझ्या परवानगीशिवाय चारचौघांत सांगून, आजारामुळे उपचार नाकारून मला अपमानित केले म्हणून डॉ. इंद्रजीत यांच्याविरुद्ध माझी तक्रार आहे.

सदर ग्लास तपासासाठी हजर करत आहे. तो ओला कसा, असे मॅडमनी विचारले. इथे बसल्यावर भूल उतरली, दाढ पुन्हा ठणकू लागली, म्हणून सबाने ठाण्यातल्या माठाचे पाणी त्यातच आणले. पिशवीतून ग्लास तिनेच काढला, मी सांगितले नव्हते. मी अर्धे पाणी प्यायले. उरलेले ती प्यायली.

जबाब वाचण्याआधी मुलीला बाहेर बसवू का, असे मॅडमनी विचारले. मी नको म्हटले. तिच्यासमोर सगळा मोठ्याने वाचून घेतला. मी बोलले तसाच उतरला आहे, म्हणून सही करते.

(सही)
गुलशन अलीम मणियार