मूठ काय सुटंना

तुमास्नी सांगतो, आख्ख्या इंदापूर तालुक्यात माझ्या उजव्या हाताएवढा चपळ हात कुणाचा न्हाय! …आता माझाबी न्हाय म्हणा. गेल्या साली कडबाकुट्टीच्या यंत्रात गेला, कोपरापातुर. हसा, हसा! पण गेला म्हणावं तर रोज खाजतोय की! हात न्हाय, पण हाय!

परवा सणसरच्या पारावर मोहनराव शेंगदाणे खात बसल्यालं. मी गप्पा मारता मारता सवयीनं त्यांच्या पुडीत हात घातला. तर म्हणतात, "रामहरी, रिकामी बाही कशाला नाचवतो रं?" बाही? मला तर बोटाला मीठ लागलं, देवाशपथ!

चेष्टा सोडा, पण त्या गेल्याल्या हाताची मूठ वळल्याली ती सुटंना. नखं तळव्यात रुततात, कळ डोक्यात जाती, अन्न गोड लागंना. न्हाय ती नखं रुततात कशी, सांगा की!

बारामतीच्या डॉक्टरीणबाई म्हणजे नातीच्या वयाच्या. लाडानं म्हणतात, "आबा, डोळा बघतो, मेंदूला कळवतो, मेंदू हाताला हुकूम सोडतो. हात गेला, हुकूम चालूच!" म्हटलं, म्हंजी आमचा कारखानाच की! ऊस कवाच तुटला, तरी ह्यो रोज त्याच रानात टोळी धाडतोय!

मग त्यांनी टेबलावर आरसा उभा केला. थोटका आरशामागं, डावा पुढं. आरशात बघतो तर… माझा उजवा! जित्ता! "आबा, आता दोन्ही मुठी उघडा." आन् तुमास्नी सांगतो, डावीबी उघडंना!

कारण त्या दिवशी माझ्या कारभारणीचा, प्रयागबाईचा पदर कुट्टीत गेला हुता. डोळ्यानं बघितलं, हात आपसूक धावला. मला इचारलंसुदिक न्हाय! पदर मुठीत धरला, अर्धा फाटला, ती वाचली… हात तसाच आत. आता मूठ उघडली आन् ही गेली तर? हात न्हाय, पण हाय, बाबांनो!

प्रयागबाई शेजारीच बसल्याली. तिला म्हटलं, "हसू नगं. तुझा पदर हाय ह्यात."

ती म्हणती, "अवं, त्या लुगड्याची मी कवाच गोधडी शिवली. रोज तीच पांघरून घोरता न्हवं? मग मुठीत काय धरून बसलाय?"