लाल खुणेच्या ओळी

कारखान्यातल्या समुपदेशनाच्या खोलीबाहेर, बाकावर, माझ्या शेजारी दोघी बसल्या होत्या. एक पॅकिंगमधल्या मावशी, दुसरी संगणक विभागातली मुलगी.

“मी त्या ‘कामावर समाधानी आहात का?’ या फॉर्मवर स्पष्ट लिहिलं होतं, माझी काहीच तक्रार नाही. तरी मला बोलावलं!”

“म्हणूनच बोलावलं, मावशी. चारशे फॉर्म वाचणार कोण? मी संगणकाला सांगितलं, ज्या ओळीत ‘तक्रार’ दिसेल तिच्यावर लाल खूण कर.”

“आणि पुढचं ‘नाही’?”

“त्याबद्दल मी काही सांगितलंच नाही.”

“अगं बाई! दोन महिन्यांनी निवृत्त होतेय मी. जाता जाता नाराजांच्या यादीत घातलंस मला?”

“मीपण आहे त्यात. मीही तेच लिहिलं होतं.”

“आणि तो स्टोअरकीपर? त्यानं तर पानभर साहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता.”

“केला होता, पण ‘तक्रार’ हा शब्द कुठंच नव्हता. त्यामुळे तो समाधानी निघाला.”

“मग आहे कुठं तो?”

“आत. आपली समजूत काढायला त्यालाच बसवलंय.”

“अगं, मग दुरुस्त कर की ते!”

“करत होते. साहेबांनीच थांबवलं. म्हणाले, सकाळपासून आत गेलेला प्रत्येक माणूस तक्रार करूनच बाहेर आलाय. तुझा संगणक एकदाही चुकलेला नाही.”

“असं म्हणाले?”

“हो.”

दार उघडलं. स्टोअरकीपरनं डोकं बाहेर काढलं.

“पुढचं कोण?”

“मी,” मावशी उठल्या. “आणि पुरवण्या काढून ठेव रे, एका कागदात माझं भागायचं नाही.”