वाढत्या अंगाचं माप

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील पाहुणे, आज निरोप घेणाऱ्या आपल्या मावशी, आणि जेवण मांडलेलं दिसत असूनही जागेवर बसून राहिलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मावशी तशा एकट्या मुख्य प्रोग्रामरच्या. तो त्यांचा सख्खा भाचा. पण त्याने भर ऑफिसात ‘मावशी’ अशी हाक मारली आणि आपण सगळेच भाचे झालो.

मी रेडिओ दुरुस्त करता करता इथवर आलो. प्रोग्राम लिहिता येत नाही, पण तो लिहिणाऱ्या या मावशी-भाच्याच्या आणि माझ्या केबिनमधलं पार्टिशन पातळ आहे. आपल्या इंटरप्रिटरमध्ये, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम ओळीओळीने वाचून चालवणाऱ्या भागात, माहितीची यादी कशी वाढते, हे मला या दोघांच्या भांडणातून कळलं. यादीला मेमरीत जागा द्यायची. ती भरली की मोठी जागा घेऊन सगळं बिऱ्हाड तिकडे हलवायचं. प्रश्न एवढाच, नवी जागा केवढी? भाचा म्हणे, दरवेळी दुप्पट घ्या, सारखं सामान कोण हलवणार? मावशी म्हणत, चार माणसांसाठी अख्खी इमारत कशाला? थोडीथोडीच वाढवा.

रुग्णालयात खाटेशेजारी ठेवायच्या यंत्रावर दोन्ही पद्धती चालवून पाहिल्या. भाच्याचं यंत्र बंद पडलं. मोठी यादी हलवताना जुनं घर आणि दुप्पट नवं, दोन्ही एकदम ताब्यात लागतात. तेवढी मेमरी होती कुठे? मावशींचं चालू राहिलं, पण शेकडो छोट्या याद्यांची सारखी हलवाहलव, त्यात नाडीचा आकडा पडद्यावर उशिरा येई. गिऱ्हाइकाने शेवटची एक संधी दिली. भाचा माझ्याकडे येऊन म्हणाला, मी नोकरी सोडतो.

पार्टिशन पातळ असतं ते दोन्ही बाजूंनी. मावशी आत आल्या आणि त्याच्याकडे न बघता मला म्हणाल्या, “हा लहान होता तेव्हा याला कपडे वाढत्या अंगाचे घ्यायचो. आता तसे घेऊ का?”

भाचा हसला नाही. तो पुटपुटला, “म्हणजे यादी छोटी असेल तर दुप्पट, आणि मोठी झाली की पाव हिस्साच जास्त.”

तसंच केलं. यंत्र तग धरून राहिलं, आकडेही वेळेवर आले. मात्र यादी मोठी झाली असं कधी म्हणायचं, यावर दोघांची पुन्हा जुंपली. ती गेल्या आठवड्यापर्यंत चालू होती. मग मावशींनी कीबोर्ड त्याच्यापुढे सरकवला.

“लहानपण कुठे संपतं ते तूच ठरव. मी विचारणार नाही.”

त्याने आकडा घातला. मावशींनी खरोखरच विचारला नाही. मी राजीनाम्याचं विचारलं, तर म्हणतो, कसला राजीनामा?

मावशी, आम्ही सगळे तुमचे ऋणी आहोत. मंडळी, आपण शांतपणे ऐकलंत, आभार. बोलण्याच्या ओघात एखादा शब्द वावगा गेला असेल, तर पोटात घाला.