दोन घरांचे एक पार्सल

मी, सौ. अपेक्षा अमृत दळवी, वय ३६ वर्षे, धंदा कुरिअर व झेरॉक्सचे दुकान, राहणार भाजे, ता. मावळ, जि. पुणे, दुकान लोणावळा बाजारपेठेत, आज सोमवारी पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

मी वरील ठिकाणी नवरा व सासूबाई यांच्यासोबत राहते. रोज स्कूटरवरून लोणावळ्यास येऊन दुकान उघडते. दुकानात झेरॉक्स, लॅमिनेशन आणि कुरिअर चालते. त्यातला परदेशी पार्सलचा धंदा मी स्वतः सुरू केला आहे आणि तो नवऱ्याला अजून नीट समजलेला नाही.

परदेशी पार्सल म्हणजे काय, असे हवालदारसाहेबांनी विचारले असता सांगते की, मावळातली बरीच मुले आता बाहेरच्या देशात आहेत. घरची माणसे त्यांच्यासाठी ऑनलाइन खरेदी करतात आणि पत्ता माझ्या दुकानाचा देतात. वस्तू येते मुठीएवढी आणि तिचा डबा येतो रांजणाएवढा. विमानाने जाणाऱ्या पार्सलला वजन आणि माप यांतले जे जास्त भरेल त्याचे भाडे लागते, म्हणजे डब्यात हवा असली तर हवेचेही भाडे. शिवाय प्रत्येक पार्सलचा पहिला किलो महाग आणि पुढचे स्वस्त असतात. म्हणून मी सगळे डबे उघडते, हवेचे फुगे, थर्मोकोल, पुठ्ठे काढून टाकते आणि चार ठिकाणची खरेदी एका खोक्यात ठासून भरते. मोजे बुटात, बूट कुकरमध्ये, कुकर स्वेटरमध्ये. यात माझा हात कोणी धरणार नाही. हे वाक्य लिहू नका असे हवालदारसाहेबांना वाटले, पण जबाब माझा आहे असे मी म्हटले.

आजच्या प्रकारातील रखमाजी कालेकर, राहणार पवनानगर, शेती करतात. त्यांना मी आबा म्हणते. सीताराम ओव्हाळ, राहणार कान्हे, हे रेल्वेत फाटकावर गेटमन होते, आता निवृत्त आहेत. त्यांना मी भाऊ म्हणते. आबांची मुलगी राजेश्वरी आणि भाऊंचा मुलगा सुरज यांनी दोन वर्षांपूर्वी पुण्यात रजिस्टर लग्न केले. दोघेही डब्लिन येथे नोकरीला आहेत. लग्नापासून दोन्ही घरांत बोलणे नाही. कारण विचारले असता, मुलगी मराठ्यांची आणि मुलगा बौद्ध घरातला, एवढेच कारण आहे. मुलाबद्दल कोणाची काही तक्रार मी ऐकलेली नाही. आबा त्या दिवसापासून मुलीशीही बोललेले नाहीत.

राजेश्वरीला सातवा महिना आहे. येत्या रविवारी तिकडे तिच्या मैत्रिणी डोहाळजेवण करणार आहेत. इकडून कोणी जाऊ शकत नाही. त्यासाठी दोन्ही घरांनी महिनाभर खरेदी केली, ती सगळी माझ्या पत्त्यावर आली. आज दुपारी चारच्या गाडीने माल निघाला तरच तो शनिवारपर्यंत पोहोचतो. उद्या निघाला तर डोहाळजेवण झाल्यावर पोहोचेल, म्हणजे तिच्या ओटीत दोन्ही घरांतले काहीच नसेल.

दोन्ही घरांचे सामान एका खोक्यात का भरले, असे विचारले असता माझे म्हणणे असे की, पत्ता एक, दार एक, घेणारी बाई एक. मग दोन पार्सलांचे भाडे कशाला? मी हे माझ्या मनाने केले. मला कोणी सांगितले नव्हते. त्यांच्या घरातल्या बायका दुकानात कधी भेटल्या का, असे विचारले असता, दुकानात गिऱ्हाईक येत-जात असते, मी कोणाकोणाकडे लक्ष ठेवू?

आज सकाळी मी खोके भरून वरची पट्टी लावत होते. भाऊ कान्ह्याहून लोकलने वजन बघायला आले. त्यांना मी स्टुलावर बसवले. तेवढ्यात आबा जीपने येऊन पोहोचले, कारण हिरव्या बांगड्यांचा डबा घरीच राहिला होता. आबांनी खोक्यात डोकावले. मुलीच्या हिरव्या साडीशेजारी ओव्हाळांचे सामान बघून हे काय, असे त्यांनी मला विचारले. मी भाड्यातली बचत समजावून सांगितली. आबा म्हणाले, आमचे वेगळे काढ. भाऊ म्हणाले, आमचे आधी काढा. मी म्हटले, आता काही वेगळे निघणार नाही, सगळे एकमेकांत गेले आहे. आणि कागदावर पाठवणाऱ्याचे नावही एकच लागते, ते कोणाचे घालू? हे मी विचारायला नको होते.

दोघांनी खोके दोन बाजूंनी धरले. आबांनी भाऊंना धक्का दिला का, असे विचारले असता, धक्का खोक्याला दिला. शिवीगाळ झाली नाही. फक्त भाऊ एकदा म्हणाले, "लग्नाच्या जेवनाला तुमच्या नावची दोन पानं मांडली हुती. रात्री ती तशीच उचलली आमी." तरी आबांनी खोके सोडले नाही. मग खोके तळातून फाटले आणि सगळा माल फुटपाथवर आला. मुंबईकडच्या एका पर्यटक बाईला सेल लागला असे वाटले. तिने मोज्यांचा भाव विचारला आणि तीन जोड्यांना काय कमी करणार म्हणून आबांशीच घासाघीस सुरू केली. आबांनी तिला भाव सांगितला नाही, पण मोजेही तिच्या हातून काढून घेतले. ही गोष्ट तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवी होती, कारण मोजे ओव्हाळांचे होते.

शेजारचे चिक्कीवाले सार्थक यांनी घाबरून पोलिसांना फोन केला. आबा, भाऊ आणि मी ठाण्यात आलो आणि माल सार्थक यांच्या चिक्कीच्या ताटांतून आणला. ताटे परत करायची आहेत.

एवढा जबाब लिहून झाल्यावर हवालदारसाहेबांनी पेन ठेवले, कारण ठाण्यासमोर रिक्षा थांबली. रिक्षातून आबांच्या पत्नी झुंबरबाई आणि भाऊंच्या पत्नी भागुबाई उतरल्या. एकाच रिक्षातून. दोघींच्या मध्ये खाऱ्या दाण्यांची एक पुडी होती आणि ती अर्धी संपलेली होती. पुढचा मजकूर त्यानंतरचा आहे.

झुंबरबाई थेट टेबलापाशी आल्या आणि हवालदारसाहेबांना म्हणाल्या, "ह्या पोरीला कशापायी खोटं बोलाया लावता? एका खोक्यात भर म्हून आमीच सांगितलं तिला."

आबांनी विचारले, "आमीच म्हंजी कोन?"

"मी आन् भागुबाई."

तरी वर मी माझ्या मनाने केले असे जे सांगितले आहे, ते तसे नाही. खरे असे की, या दोघी दर मंगळवारी माझ्या दुकानात भेटतात. आधी एक सकाळी यायची, दुसरी दुपारी. एका मंगळवारी पाऊस थांबेना म्हणून सकाळची दुपारपर्यंत राहिली. तेव्हापासून मी दुसरे स्टूल आणून ठेवले आहे. राजेश्वरीचा व्हिडिओ कॉल त्या दोघी एकत्र घेतात, झेरॉक्स मशीनच्या मागे बसून. मी कोणालाही सांगणार नाही असे वचन दिले होते आणि आज ते झुंबरबाईंनी स्वतः मोडले, म्हणून मला ते सांगता येते. मला हलके वाटत आहे.

भाऊंनी भागुबाईंकडे पाहिले. भागुबाई म्हणाल्या, भाडे वाचत होते. मग दाणे पुढे केले. भाऊंनी घेतले.

हवालदारसाहेबांनी असा तोडगा काढला की, ज्याचे त्याने उचलावे. एका बाकावर कालेकरांचे सामान, दुसऱ्यावर ओव्हाळांचे, आणि मी दोन पार्सले करावीत. मी घड्याळाकडे बघत होते. नवरा नवीन खोके घेऊन दारात उभा होता. दोन नेण्याएवढी त्याची स्कूटर मोठी नाही, पण हे कोणी विचारले नाही.

आबांनी हिरवी साडी उचलली. साडी जड लागली म्हणून त्यांनी तिची घडी उलगडली. आत भागुबाईंनी पाठवलेली चिनीमातीची बुद्धमूर्ती होती. ती फुटू नये म्हणून मीच साडीत गुंडाळली होती. खोके फाटून पडले तरी मूर्तीला टवकाही उडालेला नव्हता. आबांनी ती थोडा वेळ हातात धरली. मग साडीत परत गुंडाळली, मी गुंडाळली होती त्याहून नीट, आणि दोन्ही बाकांच्या मध्ये टेबलावर ठेवली. हे कोणत्या बाकावर, असे कोणी विचारले नाही.

त्यानंतर आबांनी ते मोजे हातात घेतले. बायकांच्या मापाचे लोकरी मोजे, सहा जोड्या. हे कोणासाठी, असे त्यांनी विचारले. भाऊ म्हणाले, "सूनबाईसाठी. तितं थंडी लय. रात्री फाटकावर माजे पाय गार पडायचे, तर सकाळपर्यंत अंगात ऊब येत नसायची. दिवस गेलेल्या बाईचं तसं होऊ नये."

आबांनी मोजे खाली ठेवले नाहीत. साडीवर ठेवले.

शेवटी ताटात एक जाकीट उरले. पुरुषाचे, काळे, आत अस्तर असलेले, मोठ्या मापाचे. भाऊ म्हणाले, आमचे नाही. झुंबरबाई म्हणाल्या, आमचे पण नाही, आम्ही फक्त पोरीचे घेतले. हवालदारसाहेबांनी मला विचारले आणि मी आठवत नाही असे सांगितले. तेही खरे नव्हते. ते जाकीट आबांनी माझ्या मोबाइलवरून मागवले होते, एकटे येऊन. माप काय घालू, असे मी तेव्हा विचारले असता ते म्हणाले होते, माझ्यापेक्षा टीचभर उंच असेल. त्यांनी त्याला कुठे पाहिले, ते मी विचारले नाही. घरी सांगू नकोस, एवढेच ते म्हणाले होते. त्या एका खोक्यात किती जणांची गुपिते मी भरली होती, याचे वजन कोणी केले असते तर भाडे परवडले नसते.

हवालदारसाहेबांनी जाकीट वर धरले आणि कोणीच मालक नसेल तर बेवारस म्हणून जमा करावे लागेल असे म्हणाले. आबा खिडकीतून बाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखे काही नव्हते, पोलिसांची गाडी धुणे चालले होते.

मग ते म्हणाले, "जावयाचं हाय ते. टाका खोक्यात."

झुंबरबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या हे मला सांगता येणार नाही, मी स्वतः त्या वेळी चिकटपट्टीचे टोक शोधत होते आणि ते मला दिसत नव्हते.

भाऊ बाकावरून उठले. नवऱ्याच्या हातून नवीन खोके घेतले, टेबलावर मांडले आणि म्हणाले, "व्याही, तुमी वरून दाबा. मी कडा धरतो."

मी पुन्हा सगळे भरले. मोजे जाकिटाच्या बाह्यांत, बांगड्या मोज्यांत, साडीतली मूर्ती मधोमध. हवा अजिबात राहिली नाही. खोके बंद होईना तेव्हा हवालदारसाहेबांनी गुडघा लावला, त्याबद्दल त्यांचे आभार. पहिल्यापेक्षा हे खोके लहान झाले आहे, हे मुद्दाम नोंदवावे.

पाठवणाऱ्याच्या नावावरून पुन्हा आवाज चढले. आबा म्हणाले, ओव्हाळांचे घाला, ती त्यांच्या घरची आहे. भाऊ ऐकेनात. ते म्हणाले, "पहिलं बाळंतपन माहेरचं असतंय. खोकं दारात आलं की ती आधी नाव वाचंल. दोन वर्सं झाली, तिला तुमचं नाव वाचू द्या."

आबांनी माझ्याकडून पेन घेतले आणि नाव स्वतः लिहिले. अक्षर मोठे असल्याने दोन ओळी लागल्या. वरच्या ओळीत रखमाजी, खालच्या ओळीत कालेकर. मी नवा कागद देऊ केला नाही. पार्सल नवरा चारच्या गाडीवर घालून आला आहे, पावती जोडली आहे.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. खोके फाटले त्याची भरपाई नको. आबा आणि भाऊ यांच्यात सध्या ठाण्याच्या आवारात वाद चालू आहे. रविवारी आधी पवनानगरला यायचे की कान्ह्याला जायचे, असा तो वाद आहे. ती दोन पाने अजून मांडायची राहिली आहेत, असे भाऊंचे म्हणणे आहे. तो वाद पोलिसांकडे नोंदवण्यासारखा नाही, असे हवालदारसाहेबांचे मत पडले आणि मला ते पटते.

हा जबाब हवालदारसाहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मोठ्याने, कारण चौघेही दारात येऊन ऐकत उभे होते. कोणी दुरुस्ती सांगितली नाही. झुंबरबाईंनी फक्त, भाऊ आबांना "व्याही" म्हणाले ती ओळ पुन्हा एकदा वाचायला लावली. ती पुन्हा वाचली. सगळे माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिले आहे आणि खरे आहे, म्हणून सही करते.

सही/-
सौ. अपेक्षा अमृत दळवी