राखेचं पाणी

त्या मास्तराचं नाव काढू नकोस गड्या, अजून टाळकं फिरतं माझं.

जर्मनच्या लढाईच्या दिवसांतली गोष्ट हाय. आष्ट्याच्या शाळेत मास्तर शिकवत व्हते, "सोडियम, पोटॅशियम हे सगळं अल्कली धातूंचं घराणं. हे नाव इंग्रजांनी बनवलं."

मी उठलो. "न्हाई मास्तर, शबूद अरबी हाय. अल्कली म्हंजे झाडाची राख. गावच्या मौलवीसाहेबांनी सांगितलंय. आमचा बा केळीचे खुंट जाळतो, त्या राखेच्या पाण्यात लुगडी धुतो आन् मग रंगवतो."

वर्ग खदाखदा हसला. मास्तर वरडले, "रंगाऱ्याच्या पोरानं मला रसायन शिकवू नये! बाकावर उभा राहा!" तास संपला तरी 'उतर' म्हणाले न्हाईत.

पुढं लढाईपायी इलायतेचा माल येईना, दुकानातला धुण्याचा सोडाच संपला. एक दिवस मळकं धोतर नेसलेले मास्तर कळशी घेऊन आमच्या दारात उभे!

माझ्या बाला म्हणाले, "जरा राखेचं पाणी मिळेल का?"

माझ्याकडं बघितलंबी न्हाई. बानं कळशी भरून दिली. माझं डोकं असं तापलं, मी मधीच आडवा आलो.

"मास्तर, आता तरी उतरू का बाकावरनं?"